कानसेनांच्या शेजारची सीट

माझ्या सासऱ्यांना कारखान्यात कानसेन म्हणत. कानसेन म्हणजे गाण्याचा दर्दी, अशी आपली समजूत असते. आमच्या कानसेनांना गाण्याचा तिटकारा होता, ते इंजिनं ऐकायचे. इंजिन तपासायच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. नवीन इंजिन सुरू झालं की मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ते सांगायचे, "तिसऱ्या नंबरात खोट आहे." आणि उघडून बघितलं की खोट तिसऱ्याच नंबरात सापडायची. हे मी त्यांच्याच तोंडून निदान चाळीस वेळा ऐकलंय, तेव्हा त्यात तिखटमीठ किती ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी त्यांची एकुलती एक सून. त्यांच्या मते ती एकही जास्तच होती. मला ते 'तुम्ही' म्हणायचे, 'सूनबाई' म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांत जेवढा विखार भरता येईल तेवढा भरायचे. मीही काही गरीब गाय नव्हते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारींचे फोन उचलते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खायच्या आणि मधाळ आवाजात "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणायचं. आवाजाला लगाम घालायची सवय झाली. चेहऱ्याला मात्र कधीच झाली नाही, कारण फोनवर चेहरा कोण बघतंय? घरी आल्यावर मनात येईल ते सगळं तोंडावर उमटायचं, आणि सासरे म्हणायचे, "झालं! सूनबाईंचं तोंड वाकडं झालं."

त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्या खोलीवर नवे साहेब आले. साहेबांनी सगळ्यांचे कान तपासून घेतले. कानसेनांचा कागद आला तेव्हा साहेबांनी त्यांना बोलावून चहा पाजला आणि सामानाच्या गोदामात बदली केली, नटबोल्ट द्या-घ्यायला. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं ते साहेबांबद्दल रोज जेवताना म्हणायचे. डॉक्टरचं मशीनच बहिरं होतं, असंही म्हणायचे. त्याच महिन्यात भंगारवाल्याच्या टेम्पोवरून ती गाडी आमच्या दारात उतरली.

दोन दारांची, बुटकी, नाक जमिनीला लागलेली स्पोर्ट्स कार. पंचवीस वर्षांपूर्वीच तिचं उत्पादन बंद झालेलं. दिवे लावले की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे, म्हणजे एक यायचा, दुसरा झोपलेलाच. आणि तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय हे मला गाडी आल्यावर सहा महिन्यांत पाठ झालं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, तो दुसरा पंखा फिरवतो, आणि तो दुसरा इंजिनाच्या घशात हवा कोंबतो. जितकी हवा कोंबाल तितकी ताकद. जास्त कोंबलीत तर पेट्रोल वेळेआधीच पेटतं, पिस्टनवर उलटा दणका बसतो. त्याला ठोकणं म्हणतात. थोडं ठोकलं तर इंजिन सोसतं, जास्त ठोकलं तर पिस्टनला भोक. ते ठोकणं कानाने ओळखायचं, आणि जिथे सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. यातच म्हणे सगळी कला. साहेबांच्या नाकावर टिच्चून हे कानाने करून दाखवायचं, एवढ्यासाठी ती गाडी घरात आली होती.

घरात म्हणजे अगदी घरात. गॅरेज माझ्या स्वयंपाकघराच्या खाली. जिन्यात पाने-पक्कड, न्हाणीघरात ऑइल लागलेला रेडिएटर, आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर तो टर्बो, गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला, तब्बल तीन आठवडे. आम्ही त्याच्या कडेकडेने जेवायचो. माझी चहाची गाळणी त्यांनी पेट्रोल गाळायला नेली. मी बोलले तर म्हणाले, "गाळणी गाळायलाच असते ना?" मी नवी आणली, तीही नेली. तिसरी मी कचेरीच्या पर्समध्ये ठेवायला लागले.

पहिलं इंजिन फुटलं तेव्हा शेजारच्या सीटवर माझा नवरा होता. काटा वाचायला त्याला बसवलं होतं. पुढच्या बाजूला जागा नाही म्हणून हवेच्या दाबाचा काटा सासऱ्यांनी शेजारच्या दाराजवळ, खांबावर बसवला होता. गाडी चालवणाऱ्याला दिसेना, म्हणून आकडे ओरडायला माणूस लागायचा. इंजिन फुटल्यावर नवरा म्हणाला, "बाबा, विका आता हे भंगार." दोघांचं बोलणं बंद झालं. भंगारवाल्याने कुठूनतरी दुसरं इंजिन आणलं आणि हात वर केले, "आता तिसरं मागू नका, असली इंजिनं जगात उरली नाहीत." म्हणजे हे गेलं की गाडी गेली, आणि गाडी गेली की साहेब खरे ठरले. हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "रविवारी सकाळी काय करता?"

"झोपते."

"काटा वाचता येतो का?"

मी म्हटलं, जेवणाच्या टेबलावरचं सगळं सामान खाली जात असेल तर येतो. त्यांनी त्याच संध्याकाळी टेबल रिकामं केलं. अशी मी त्या सीटवर बसले, आणि दोन वर्षं बसत राहिले.

गोदामांच्या मागे एक सरळ, ओसाड रस्ता होता. तिथे आम्ही जायचो. इंजिनाला एक तांब्याची नळी चपटी करून बोल्टने आवळलेली, तिला रबरी नळी जोडून ती बॉनेटमधून आत आणलेली, आणि तिचं टोक सासऱ्यांच्या कानात. ती नळी ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. दाब वाढवायचा स्क्रू त्यांच्या हाताशी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला, "फक्त आकडा सांगायचा. मत नको."

मी आकडे सांगायची. पाच. सहा. सात. प्रत्येक आकड्याला ते मान वळवून माझ्याकडे बघायचे, संशयाने, जणू मी काटाच पळवून नेणार आहे. वेग भन्नाट, रस्त्याला खड्डे, आणि हा माणूस समोर बघायचं सोडून माझ्याकडे डोळे वटारतोय. माझ्या तोंडून आकडा निघायचा आणि तोंडावर शिव्या उमटायच्या.

तिसऱ्या रविवारी मला पहिल्यांदा तो आवाज आला. स्टीलच्या डब्यात सुके वाटाणे घालून डबा हलवावा तसा, बारीक आणि कोरडा. माझे दात आंबले. मी म्हटलं, "बाबा, काहीतरी वाजतंय."

"आकडा!"

"सात. पण काहीतरी..."

"मत नको म्हटलं ना?" असं खेकसून त्यांनी पेडलवरून पाय काढला, गाडी थांबवली आणि आपल्या नोंदींच्या वहीत आकडा लिहिला. वहीकडे माझी नजर गेली. लिहिलं होतं, आठ.

मला वाटलं, घाईत चुकलं असेल. पुढच्या खेपेला मी मुद्दाम ठासून सांगितलं, "सात!" ते म्हणाले, "आठ, ठीक." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'स' त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. सात आणि आठ त्यांना एकच होते. वाटाण्यांचा आवाज तर त्याहून बारीक. डॉक्टरचं मशीन ठणठणीत होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी आल्यावर मी खात्री करून घेतली. ते पाठमोरे बसून स्पार्क प्लग घासत होते. मी जिन्यातून साध्या आवाजात म्हटलं, "खडूस म्हातारा." मान वळली नाही. मग तो माझा छंदच झाला. कचेरीत दिवसभर गिळलेलं सगळं मी घरी येऊन त्या पाठीला ऐकवायची आणि हलकी होऊन भाजी चिरायला बसायची. नवऱ्याला मी कानांचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना बोलू नकोस हां, मोडून पडतील." मी म्हटलं, त्यांनी मला कधी मोडायचं बाकी ठेवलंय? पण बोलले नाही. तुम्हाला मत नको ना, मग घ्या नुसता आकडा.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटायचं. एवढा बहिरा माणूस, पण इंजिन काही फुटेना. ठोकायला लागलं की दोन क्षणांत त्यांचा पाय निघायचाच. मी ठरवून टाकलं की आंधळ्याच्या गाई देव राखतो, त्यातला हा प्रकार.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गाडी चांगली पळायला लागली. नाक कापून पुढे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला होता, धुराचा पाइप रुंद केला होता, झोपलेला डोळाही उघडायला लागला होता. सासऱ्यांनी कारखान्यात साहेबांना गाठलं. "या रविवारी. कानाने लावलेलं इंजिन कसं असतं ते बघायला या." साहेब हो म्हणाले. भला माणूस, नाही म्हणता आलं नसेल. शनिवारी संध्याकाळी ते गाडी बघायला घरी आले. मी चहा घेऊन खाली गॅरेजमध्ये गेले. साहेबांनी विचारलं, "वहिनी तुमच्याबरोबर बसतात म्हणे?"

सासरे म्हणाले, "बसतात ना. पण इंटरकूलर उगाच नाही लावला मोठा. यांचं तोंड बघूनच इंजिन तापतं."

साहेब संकोचून हसले. नवराही हसला. दोन वर्षांनी बापाशी सूर जुळवायची संधी दिसली असेल, म्हणून माझ्यावर हसला. मी ट्रे ठेवला आणि वर आले. कढई इतक्या जोरात घासली की कान तुटला. दोन वर्षं रविवारची झोप मोडून, जीव मुठीत धरून मी त्या माणसाच्या शेजारी बसले, आणि मिळालं काय, तर हे! मी ठरवलं, उद्या यांना माझ्या तोंडावरची माशीसुद्धा हललेली दिसणार नाही. नुसता आकडा, मधाळ आवाजात, कचेरीत देते तसा. इंजिन ठोकू दे, फुटू दे. साहेबांसमोर फुटू दे. होय, मला ते फुटायला हवं होतं.

रविवारी साहेब गोदामाच्या भिंतीशी उभे राहिले. आम्ही रस्त्याच्या टोकाला गेलो. सासऱ्यांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. नळी कानात खोचली आणि पाय दाबला.

"पाच," मी म्हटलं. "सहा." ते माझ्याकडे बघत होते. "सात." वाटाणे सुरू झाले. मी समोर काचेकडे बघत राहिले, कपाळ सपाट, ओठ सरळ. पाय निघाला नाही. वाटाणे वाजतच राहिले. भिंतीपाशी साहेबांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. त्यांना बाहेर ऐकू गेलं होतं. सासरे हसले. त्यांना वाटलं, शाबासकी.

टोकाला गाडी वळवली. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "अजून जागा दिसतेय." त्यांनी स्क्रू एक फेरा आवळला. आजवर तो स्क्रू पाव फेऱ्याच्या वर गेलेला मी पाहिला नव्हता.

"सात," मी म्हटलं. "आठ." आता डब्यात वाटाणे नव्हते, खिळे होते. माझ्या पायाखालची पत्र्याची जमीन थरथरत होती. मांडीवरचे हात मी एकमेकांत घट्ट अडकवले आणि चेहरा तसाच ठेवला. ते बघत होते. "नऊ," मी म्हटलं, आपली तक्रार नोंदवली आहे त्या आवाजात.

मग हातोडा बसावा तसा एकच दणका. बॉनेटच्या फटींतून पांढरानिळा धूर, जळक्या ऑइलचा वास, आणि गाडी आपल्याच वजनावर घरंगळत साहेबांच्या पुढ्यात जाऊन थांबली.

सासरे खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि घाईत ऑइलचं झाकण उघड्या हाताने धरलं. तळहात भाजला. ओरडले नाहीत. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळुवार विचारलं, "एवढं ठोकत होतं, ऐकू नाही आलं का हो?"

सासऱ्यांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. म्हणाले, "आलं की. म्हटलं, बघू किती सोसतंय." साहेबांनी मान खाली घातली. ते हसले असते तर बरं झालं असतं. कीव करणारा साहेब बघून माझा सगळा आनंद नासला, आणि तो का नासला हे मला तेव्हा कळलं नाही.

साहेबांच्या गाडीला दोर बांधून आमची गाडी ओढत न्यायचं ठरलं. सासऱ्यांच्या हाताला फडकं गुंडाळलेलं, म्हणून स्टीअरिंगवर मी. इंजिन बंद असलं की स्टीअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक लाकडासारखा. दोर सैल पडू द्यायचा नाही, झटका द्यायचा नाही, डोळे पुढच्या गाडीवर. पहिल्यांदाच ते माझ्या जागी बसले होते, आणि गाडी एकदम शांत होती.

गोदामं मागे पडल्यावर ते म्हणाले, "आज तोंड का नाही वाकडं केलंत?"

"काय?" मी म्हटलं. अजून चेष्टाच करतायत असं वाटून माझं डोकं सणकलं.

"ठोकायला लागलं की तुमच्या भिवया वर जातात. नाकपुडी फुगते. मग मी पाय काढतो. दोन वर्षं तसंच लावलंय इंजिन." ते भाजलेल्या हाताकडे बघत बोलत होते. "मला नळीतून काही येत नाही. गोदामात पाठवलं त्याच्याही आधीपासून येत नाही. पोराला बसवलं तर पोरगा ठोकळा, शेजारी इंजिन फुटलं तरी याची पापणी नाही हलली. तुमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. काटा म्हणूनच तिकडे लावला होता, शेजारी बसेल त्याच्या तोंडाकडे बघायला निमित्त म्हणून. आज काहीच नव्हतं. मला वाटलं, आज लागलंय बरोबर."

"मला सांगायचं होतंत," मी ओरडले.

"काय सांगायचं होतं?"

त्यांना ऐकू जावं म्हणून मी मान वळवून पुन्हा ओरडले, आणि तेवढ्यात दोर सैल पडून झटका बसला. "सांगायचं होतंत मला!"

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम केलं असतं," ते म्हणाले. "माझा राग आला की वाकडं, नाही आला की सरळ."

खरं होतं. केलं असतं. आणि न सांगताही मी नेमकं तेच केलं होतं. त्या पाठीला ऐकवलेलं सगळं मला आठवलं, आणि हा माणूस त्याच वेळी माझ्या तोंडावर सगळा भार टाकून बसला होता, हेही. त्या माणसाबद्दलचा माझा राग कमी झाला नाही. इतकी वर्षं मला घालूनपाडून बोलून माझाच चेहरा फुकटात वापरला, म्हणून उलट वाढला. पण त्यांची गाडी मी मारली होती आणि त्यांचं नावही मीच घालवलं होतं, आणि हे साहेबांना माहीत नव्हतं, नवऱ्याला कधी कळणार नव्हतं.

पुढे वळण आलं. साहेबांनी हाताने खूण केली, मी जोर लावून स्टीअरिंग वळवलं. समोरच बघत म्हटलं, "चुकलं माझं, बाबा."

"काय म्हणालात?"

इतक्या वर्षांत त्यांना कधीच न म्हटलेलं एक वाक्य मी कसंबसं बाहेर काढलं होतं. ते पुन्हा म्हणायचं तर त्यांच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं, मोठ्याने म्हणायला हवं होतं. त्यांनी वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. दोर ताणलेला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "हात वर धरून बसा, फोड फुटेल."

त्यांना तेही ऐकू आलं नाही.